एमी पुरस्कारांमधील वर्गवारी

एमी पुरस्कार हे अमेरिकेतील दूरचित्रवाणी क्षेत्रातील उत्कृष्ट कामगिरीसाठी दिले जाणारे पुरस्कार आहेत. कार्यक्रमाचा प्रकार, कामाचे स्वरूप आणि भूमिकेचे स्थान या निकषांवर ते अनेक वर्गांत विभागलेले आहेत. एखाद्या कार्यक्रमाची स्पर्धा कोणाशी होणार, हे त्याच्या वर्गावरून ठरते. त्यामुळे वर्गवारीच्या नियमांचा निकालावर थेट परिणाम होतो आणि ते वेळोवेळी वादाचा विषय ठरले आहेत. या लेखात प्रामुख्याने प्राइमटाइम एमी पुरस्कारांच्या वर्गवारीची माहिती दिली आहे.

इतिहास

पहिला एमी पुरस्कार सोहळा २५ जानेवारी १९४९ रोजी लॉस एंजेलस येथे झाला. त्या वेळी केवळ त्या शहराच्या परिसरातील कार्यक्रमांचा विचार करण्यात आला आणि सहा पुरस्कार देण्यात आले. सर्वांत उल्लेखनीय दूरचित्रवाणी व्यक्तिमत्त्वाचा पुरस्कार शब्दभ्रमकार शर्ली डिन्सडेल यांना मिळाला. दूरचित्रवाणीचा विस्तार होत गेला तसे वर्गही वाढले. १९७४ पासून दिवसा प्रसारित होणाऱ्या कार्यक्रमांसाठी डेटाइम एमी पुरस्कारांचा स्वतंत्र सोहळा होऊ लागला.

त्याच वर्षी वर्गांमधील भिंत ओलांडण्याचा एक प्रयोगही झाला. विनोदी मालिका आणि नाट्यमय मालिका या दोन वर्गांतील विजेत्यांची आपसांत स्पर्धा घेऊन वर्षातील सर्वोत्कृष्ट अभिनेता व अभिनेत्री निवडण्यात आले. ॲलन आल्डा व मेरी टायलर मूर हे मालिकांमधील विजेते ठरले. मात्र हा प्रयोग पुढील वर्षी बंद करण्यात आला.

वर्गवारीचे निकष

कार्यक्रमांचे मुख्य वर्ग नाट्यमय मालिका, विनोदी मालिका, मर्यादित मालिका, दूरचित्रपट, विविधरंगी कार्यक्रम आणि वास्तवदर्शी कार्यक्रम असे आहेत. वास्तवदर्शी स्पर्धा-कार्यक्रमांचा स्वतंत्र वर्ग २००३ मध्ये सुरू झाला व त्याचा पहिला पुरस्कार 'द अमेझिंग रेस' या कार्यक्रमाला मिळाला. अभिनयाचे पुरस्कार प्रमुख, साहाय्यक व पाहुणा कलाकार अशा स्तरांत आणि पुरुष व स्त्री कलाकारांसाठी वेगवेगळे दिले जातात. २०१५ पासून मालिकेच्या निम्म्यापेक्षा कमी भागांत दिसणाऱ्या कलाकारालाच पाहुण्या कलाकाराच्या वर्गात प्रवेश मिळतो.

छायालेखन, संकलन, ध्वनी, वेशभूषा, रंगभूषा इत्यादी कामांचे बहुतांश पुरस्कार क्रिएटिव्ह आर्ट्स एमी या वेगळ्या सोहळ्यात प्रदान केले जातात. काही क्षेत्रांत नामांकनांची परस्परांशी तुलना न करता प्रत्येकाचा गुणवत्तेनुसार स्वतंत्र विचार होतो. अशा ठिकाणी एकाहून अधिक विजेते असू शकतात किंवा एकही नसू शकतो.

विनोदी की नाट्यमय?

सर्वाधिक वाद या सीमारेषेवर झाला आहे. २०१५ मध्ये अकादमीने कालावधीचा निकष लागू केला. ३० मिनिटांपर्यंतचे भाग असलेली मालिका विनोदी व त्याहून मोठे भाग असलेली मालिका नाट्यमय मानली जाऊ लागली. वर्ग बदलून हवा असल्यास निर्मात्यांना विशेष समितीकडे अर्ज करावा लागे. 'ऑरेंज इज द न्यू ब्लॅक' या मालिकेचा असा अर्ज फेटाळण्यात आला. परिणामी, २०१४ मध्ये विनोदी वर्गात असलेली ही मालिका २०१५ मध्ये नाट्यमय वर्गात गेली. अभिनेत्री उझो अदुबा यांना एकाच व्यक्तिरेखेसाठी आधी विनोदी आणि नंतर नाट्यमय वर्गात पुरस्कार मिळाला.

डिसेंबर २०२१ मध्ये कालावधीचा निकष रद्द झाल्याचे जाहीर करण्यात आले. आता वर्गाची निवड निर्माते करतात व अकादमी तिचा फेरविचार करू शकते. तरीही वाद संपला नाही. 'द बेअर' या मालिकेचे कथानक शोक, कर्ज आणि कौटुंबिक ताण यांभोवती फिरत असल्याने तिला विनोदी म्हणावे का, असा प्रश्न उपस्थित झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये समाप्त झालेल्या पुरस्कार-फेरीत तिला ११ पुरस्कार मिळाले, परंतु सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेचा पुरस्कार 'हॅक्स'ने पटकावला.

वर्गांचे विलीनीकरण व विभाजन

पुरेशा प्रवेशिका नसल्यास वर्ग एकत्र केले जातात. लघुमालिकांची संख्या घटल्याने २०११ मध्ये लघुमालिका व दूरचित्रपट हे वर्ग एक झाले. लघुमालिका पुन्हा वाढल्यावर २०१४ मध्ये ते वेगळे करण्यात आले आणि २०१५ मध्ये लघुमालिकेऐवजी मर्यादित मालिका हे नाव स्वीकारण्यात आले. २०१४ मध्ये या प्रकाराचा पुरस्कार 'फार्गो'ला मिळाला. प्रत्येक हंगामात स्वतंत्र कथा सांगणारी 'ट्रू डिटेक्टिव्ह' मात्र त्याच वर्षी नाट्यमय मालिका म्हणून स्पर्धेत उतरली होती. २०१५ मध्ये विविधरंगी मालिकांचेही गप्पांचे कार्यक्रम व प्रहसने असे दोन भाग करण्यात आले.

आंतरराष्ट्रीय एमी

अमेरिकेबाहेरील कार्यक्रमांसाठीचे आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार वेगळी संस्था देते. २०१९ मध्ये मराठी अभिनेत्री राधिका आपटे यांना 'लस्ट स्टोरीज'साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्री या वर्गात नामांकन मिळाले होते. २०२० मध्ये 'दिल्ली क्राइम' ही सर्वोत्कृष्ट नाट्यमय मालिकेचा पुरस्कार मिळवणारी पहिली भारतीय मालिका ठरली.