कोऱ्या फितीवरचे आवाज

ध्वनिमुद्रणाचा इतिहास लिहिणारे तबकडीला स्वतंत्र प्रकरण देतात आणि कोऱ्या कॅसेटची एका वाक्यात बोळवण करतात. आम्हांला हे न्याय्य वाटत नाही. तबकडीवर कोणाचा आवाज उमटावा हे कंपनी ठरवीत असे; कोऱ्या कॅसेटने तो अधिकार सामान्य गृहस्थाच्या हाती दिला. ‘काय करून राहिलास’ असे सहज म्हणणारी आपली इंदुरी मराठी कोणती कंपनी मुद्रित करणार होती?

फिलिप्स कंपनीने ही कॅसेट १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली. लू ओटेन्स यांच्या चमूने ती बेल्जियममधील हासेल्ट येथे घडविली होती. फितीची रुंदी ३.८१ मिलिमीटर, वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. एवढ्या मंद गतीच्या अरुंद फितीकडून प्रारंभी बोलणे टिपण्यापलीकडे फारशी अपेक्षा नव्हती. संगीताची योग्यता तिला पुढे आली. आपल्याकडे १९८० च्या आसपास ‘टू-इन-वन’ घरोघरी आले आणि त्यांच्यासोबत साठ व नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटीही. १२० मिनिटांचीही मिळे, पण तिची फीत फार पातळ. यंत्रात गुंतली की पेन्सिल घेऊन बसावे लागे.

या फितींवर काय काय आहे! मैफली आहेत, आणि त्यांतला ख्याल पंचेचाळिसाव्या मिनिटाला, बाजू संपताच, तोडल्यासारखा थांबतो. कीर्तने आहेत, मंगळागौरीची गाणी आहेत, परदेशी गेलेल्या मुलाला धाडायची बोलकी पत्रे आहेत. मागे कुकरची शिटीही आहे.

मात्र याच यंत्रात विनाशाचीही सोय होती. मुद्रण करताना फीत प्रथम पुसणाऱ्या हेडवरून जाते, मग लिहिणाऱ्या; जुने गेल्याखेरीज नवे उमटतच नाही. संरक्षणासाठी कॅसेटच्या मागच्या कडेला प्लॅस्टिकचे दोन चिमुकले तुकडे असत. ते मोडले की मुद्रणाचे बटण दबत नसे; परंतु त्या खाचेवर चिकटपट्टी लावली की पुन्हा दबे. आजीच्या ओव्यांवर नातवाने रेडिओवरची गाणी भरल्याचे आम्ही एकाहून अधिक घरांत ऐकले आहे. नातवाला दोष कसा द्यावा? कोरी कॅसेट मध्यमवर्गीय घरात काटकसरीनेच येई, आणि आजी तेव्हा शेजारच्याच खोलीत होती.

सोनीने जपानमध्ये कॅसेटच्या वॉकमनचे उत्पादन २०१० साली थांबविले. ओटेन्स २०२१ साली निवर्तले. माळ्यावरच्या पेटीतील फिती अद्याप वाजू शकतात. वाजविण्यापूर्वी एकदा पूर्ण पुढे व मागे गुंडाळून घ्याव्यात, आणि फितीमागची नमद्याची गादी सुटली आहे का ते पाहावे. साध्या घरगुती यंत्रावर नव्वद मिनिटांच्या कॅसेटची प्रत करायला नव्वद मिनिटेच लागतात. त्या वेळी बोलणारा आवाज ओळखणारे कोणीतरी वडीलधारे शेजारी बसलेले असावे. कारण वेष्टनावर बहुधा ‘घरची’ एवढेच लिहिलेले असते.