बोरूपासून रिफिलपर्यंत

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या मांजलपूरच्या सोसायटीत समोरच्या गुजराती शेजाऱ्यांकडे चोपडापूजन असते आणि आमच्याकडे वहीपूजन. त्यांच्या चोपड्यावर नवे पेन, आमच्या वहीवर वडिलांचा जुना टाक. हळदकुंकू मात्र दोन्हींना सारखेच. गेल्या वर्षी त्याच आठवड्यात घर झाडताना नातीच्या टेबलाखालून बुटांचे खोके निघाले. आत सुकलेली स्केचपेने, संपलेली बॉलपेने, मार्कर. मोजली, एकशे सत्त्याऐंशी भरली. पस्तीवाल्याने वर्तमानपत्रे तोलली, पत्र्याचे डबे घेतले आणि खोके परत केले. ‘आ नहीं चाले, काका.’ एका लेखणीला फूल आणि बाकीच्यांना उकिरडा, हे काही मनाला पटेना.

मग माळ्यावरची आजोबांची लाकडी पेटी उतरवली. आजोबा गायकवाडी राज्यात कारकून होते. पेटीत दोन बोरू, चाकू, पितळी दऊत आणि मोडीतले काही कागद. एक बोरू बोटभरच उरला आहे. बोरूचे टोक झिजले की चाकूने तासून पुन्हा कत घ्यायची, हाताला पकड मिळेनाशी होईपर्यंत. शाई काजळ आणि डिंकाची. लिहिलेले सुकावे म्हणून बारीक वाळू टाकायची आणि तीच झटकून पुन्हा डबीत भरायची. जुना हातकागद तर चिंध्यांच्या लगद्यातूनच जन्मायचा. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचे नावच त्या धंद्यावरून पडले. दप्तरे बांधायची तीही रुमालात. म्हणजे आजोबांच्या बैठकीवर टाकून द्यावे असे फारसे काही नव्हतेच.

पण आजोबांना पर्यावरणाचे संत ठरवण्याची घाई नको. वस्तू दुर्मीळ होत्या म्हणून जपल्या जात, आणि लिहिणारेही मोजकेच होते. हे चित्र पालटण्यात आमच्या बडोद्याचा वाटा मोठा. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून दत्तक आलेल्या सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो राज्यभर नेला. ज्या घरात कधी दऊत नव्हती तिथे पाटी-पेन्सिल पोहोचली. लेखणी स्वस्त व्हावी, सर्वांच्या खिशात असावी, ही ओढ त्या सक्तीच्या शाळेतूनच पुढे आली असे मला वाटते.

पुढे टाक आला, मग फाउंटनपेन. १९३१ साली मुंबईत दिगंबर परशुराम दांडेकरांनी शाईच्या पुड्या आणि गोळ्या करायला घेतल्या. पुढे ‘कॅमल’ची दऊत घरोघर दिसू लागली. फाउंटनपेन सांडे, गळे, खिसे रंगवी. पण बिघडले तर दुरुस्त होई. निब बदलायची, रबराची नळी बदलायची, की पेन पुन्हा नवे. माझे शाळेतले पेन मी आठवीपासून मॅट्रिकपर्यंत वापरले. त्या काळात तीन निबा झाल्या, पेन एकच.

बॉलपेनाची गोष्ट वेगळी. हंगेरीच्या लास्लो बिरोने १९३८ साली त्याचे पेटंट घेतले. २९ ऑक्टोबर १९४५ रोजी न्यूयॉर्कच्या एका दुकानात बॉलपेन विकायला आले तेव्हा किंमत होती साडेबारा डॉलर. लोकांची झुंबड उडाली. १९५० साली फ्रान्समध्ये मार्सेल बिकने ते इतके स्वस्त केले की संपले की फेकावे हेच सोयीचे ठरले. आपल्याकडे सुरुवातीला रिफिल बदलायची चाल होती. बॉलपेनाने अक्षर बिघडते म्हणून आमचे मास्तर ओरडत. पुढे पेनाचा आणि रिफिलचा भाव जवळजवळ आला आणि रिफिल मागणारा गिऱ्हाईक कंजूष ठरू लागला.

पस्तीवाल्याचेही खोटे नव्हते. एवढ्याशा पेनात नळी एका प्लास्टिकची, रिफिल दुसऱ्या, टोक पितळेचे, त्यात बहुधा टंगस्टन कार्बाइडची गोळी, वर स्प्रिंग आणि उरलेली शाई. हे सुटे करायची मजुरी मालापेक्षा महाग. १ जुलै २०२२ पासून देशात एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या काही वस्तूंवर बंदी आली. त्या यादीत कानकोरण्या आहेत, फुग्याच्या काड्या आहेत, पेन नाही. युरोपात २०११ पासून जुनी पेने गोळा करून त्यांचा चुरा करण्याची योजना चालली आहे, आणि त्यातून बागेतली बाकेसुद्धा झाली. पण तिथेही कुणीतरी आधी गोळा करावे लागतेच.

आम्ही आजोबा-नात मिळून खोके निवडायला बसलो. अकरा बॉलपेनांना नवी रिफिल बसली. पांढऱ्या फळ्याचे चार मार्कर बाटलीतल्या शाईने पुन्हा चालू लागले. त्यांच्या पोटात शाई शोषणारा बोळाच असतो. पितळी टोके वेगळ्या डबीत गेली. तरीही दीडशेच्या वर नग उरलेच. ते खोके टेबलाखालीच ठेवले आहे, नवे पेन मागताना दिसावे म्हणून.

उठताना नातीने आजोबांचे मोडी कागद हातात घेतले. ‘यात काय लिहिलंय?’ मला वाचता येईना. तिला गुजराती येते, इंग्रजी येते, मराठी घरात बोलण्यापुरती. संपलेल्या पेनात रिफिल घालता येते. न वाचलेल्या लिपीत काय घालणार? मी आखूड बोरूला नवी कत घेतली, शाई कालवली आणि तिचा हात धरून तिचे नाव देवनागरीत लिहिले. अक्षर वाकडे आले. पुढचे तिने माझा हात बाजूला सारून स्वतः लिहिले.

यंदा वहीवर टाकाशेजारी तो बोरूही ठेवणार आहोत.