प्रमाणीकरण टोकन

प्रमाणीकरण टोकन ही संगणकप्रणालींच्या परस्पर देवाणघेवाणीत वापरली जाणारी, ठरावीक मुदतीची अक्षर-अंकांची खूण होय. पहिल्या एपीआय विनंतीत ओळख पटवून टोकन मिळवले जाते आणि पुढील प्रत्येक विनंतीसोबत ते पाठवले जाते. एचटीटीपी या संकेतप्रणालीत प्रत्येक विनंती स्वतंत्र मानली जात असल्याने मागील ओळख सर्व्हरला आपोआप ठाऊक राहत नाही. दर वेळी पासवर्ड पाठवणे धोक्याचे असते. टोकनामुळे ते टळते.

== स्वरूप ==
ऑक्टोबर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ओऑथ २.० या मानकामुळे ही पद्धत रूढ झाली. त्यातील प्रचलित प्रकार 'बेअरर', म्हणजे धारकाचे टोकन. पूर्वी बँकेत पितळी बिल्ला दाखवणाऱ्याच्या हाती रोखपाल रक्कम देत असे, तसाच हा व्यवहार आहे. म्हणूनच टोकन चोरीला गेल्यास चोरालाही तोच अधिकार मिळतो. टोकन विनंतीच्या शीर्षभागात पाठवावे असा संकेत आहे. दुव्यात लिहिल्यास ते सर्व्हरच्या नोंदवहीत उघडे पडून राहते.

== ई-वे बिलाचे उदाहरण ==
महाराष्ट्रात राज्यांतर्गत ई-वे बिल २५ मे २०१८ पासून लागू झाले. १ जुलै २०१८ पासून त्याची मूल्यमर्यादा एक लाख रुपये करण्यात आली. समजा, खोपोलीच्या कारखान्यातून कर्जत, कशेळे या मार्गाने मुरबाडला माल जायचा आहे. कारखान्याची हिशेबप्रणाली प्रथम आपली ओळखपत्रे पाठवते. उत्तरादाखल तिला टोकन आणि 'सेक' ही सत्रापुरती कूटकिल्ली मिळते. बिलाचा तपशील या किल्लीने कूटबद्ध करून टोकनासह पाठवला की बिल क्रमांक मिळतो. टोकनाची मुदत ३६० मिनिटे असते, त्यामुळे प्रत्येक बिलासाठी नवे टोकन मागण्याचे कारण नसते.

अडचण मुदत संपताना येते. शेकडो बिलांचा गठ्ठा निम्म्यावर असताना टोकन निकामी झाले, तर उरलेल्या विनंत्या नाकारल्या जातात आणि भरलेली मालमोटार फाटकाशी थांबते. बिलाविना ती रस्त्यावर काढल्यास वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १२९ खाली माल अडकवून ठेवला जाऊ शकतो. म्हणून मुदतीची वेळ टोकनासोबत नोंदवून ते संपण्यापूर्वीच नवे घेतले जाते. टोकन आणि किल्ली ही जोडी एकत्रच बदलावी लागते. नव्या टोकनासोबत जुनी किल्ली वापरल्यास मजकूर उलगडत नाही.

एकाच वेळी अनेक कामे चालत असतील, तर नूतनीकरण एकाच कामाकडे सोपवून इतरांनी सामायिक साठ्यातून टोकन घेणे श्रेयस्कर ठरते. सर्वसाधारण एपीआयमध्ये ४०१ हे उत्तर आल्यास टोकन एकदा नवे करून तीच विनंती पुन्हा पाठवतात. ४०३ चा अर्थ मात्र अधिकारच नाही असा असल्याने तेथे नव्या टोकनाचा सहसा उपयोग होत नाही.