ऑफिसचा ताण कमी करण्यासाठी मोबाईल आणि एआय कसे वापरायचे? सेटिंग्ज, प्रॉम्प्ट आणि घ्यायची काळजी

कामाचा ताण येतोय म्हटलं की पहिला सल्ला मिळतो, "मेडिटेशनचं एखादं ॲप टाक." मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या टीमचा क्लायंट अमेरिकेत असल्यामुळे बरेचसे कॉल संध्याकाळी सातनंतरच असतात. माझा अनुभव सांगायचा तर, नवीन ॲप टाकण्याआधी फोनमध्ये आधीपासून असलेल्या चार सेटिंग्ज बदलल्या तर जास्त फरक पडतो.

आजच्या लेखात आपण या सेटिंग्ज आणि एआयचा उपयोग तर पाहूच, पण प्रत्येक वेळी एक प्रश्नही विचारू: यातली माहिती माझ्याच हातात राहते की कंपनीकडे जाते?

बर्नआउट म्हणजे नेमकं काय?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या दिली आहे. त्यात तीन लक्षणं आहेत: सतत थकवा, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही अशी भावना. संघटना बर्नआउटला आजार म्हणत नाही. कामाच्या ठिकाणचा ताण बराच काळ नीट हाताळला गेला नाही की त्यातून ही अवस्था येते, असं ती सांगते. म्हणजेच मूळ कामाच्या पद्धतीत आहे, तुमच्या 'कमकुवत मनात' नाही.

१. ऑफिस आणि घर वेगळं करा

वर्क प्रोफाइल: तुमच्या स्वतःच्या अँड्रॉइड फोनवर ऑफिसचा मेल टाकताना अनेक कंपन्या वर्क प्रोफाइल बनवतात. ऑफिसच्या ॲप्सवर छोटी ब्रीफकेस दिसत असेल, तर ते तुमच्याकडे आहे. 'वर्क' टॅबमधलं पॉज बटण दाबलं की ती सगळी ॲप्स थांबतात आणि त्यांची नोटिफिकेशन्सही येत नाहीत. आयटी विभाग या प्रोफाइलमधलं पाहू शकतो, पण तुमचे वैयक्तिक फोटो आणि मेसेज पाहू शकत नाही. फोन कंपनीने दिलेला असेल तर मात्र हे गृहीत धरू नका.

व्हॉट्सॲप: ऑफिसचा ग्रुप सोडता येत नाही, हे आपल्या सगळ्यांनाच माहीत आहे! तो म्यूट करून अर्काइव्ह करा. सेटिंग्जमध्ये 'कीप चॅट्स अर्काइव्ह्ड' चालू असेल, तर नवीन मेसेज आला तरी ग्रुप वर येत नाही. २०२३ पासून अँड्रॉइडवर एकाच व्हॉट्सॲपमध्ये दोन अकाउंट चालतात. दुसरं सिम असेल तर ऑफिससाठी तो नंबर द्या.

२. फोकस मोड उलटा वापरा

बहुतेक जण कामाच्या वेळी इन्स्टाग्राम बंद राहावं म्हणून फोकस मोड लावतात. मी तो रात्रीसाठी लावते. अँड्रॉइडवर सेटिंग्ज → डिजिटल वेलबीइंग → फोकस मोड इथे जा, मेल आणि ऑफिस चॅटची ॲप्स निवडा आणि वेळ ठरवून द्या. आयफोनवर आयओएस १५ पासून सेटिंग्ज → फोकस मध्ये अशीच सोय आहे.

"पण रात्री खरंच काही बंद पडलं तर?" अँड्रॉइडचा फोकस मोड फक्त निवडलेली ॲप्स थांबवतो, फोन कॉल येतच राहतात. आयफोनवर महत्त्वाचे नंबर 'अलाऊड पीपल' मध्ये टाका. टीमला एकदाच सांगून ठेवा: "नऊनंतर तातडीचं असेल तर कॉल करा, मेसेज करू नका." कॉल करायची वेळ आली की बरंचसं 'तातडीचं' काम आपोआप सकाळवर जातं!

३. दुसऱ्याचीही रात्र वाचवा

तुम्ही रात्री काम करत असाल, तर जीमेलमधलं 'शेड्यूल सेंड' वापरा आणि मेल सकाळी साडेनऊला जाऊ द्या. गूगल कॅलेंडरमध्ये 'स्पीडी मीटिंग्ज' चालू केलं, तर तुम्ही ठेवलेली ३० मिनिटांची मीटिंग २५ मिनिटांची आणि एक तासाची ५० मिनिटांची होते. सलग चार कॉल असलेल्या दिवशी पाणी प्यायला मिळणारी ही पाच मिनिटं फार मोलाची असतात.

४. एआयला कोणतं काम द्यायचं?

जे काम डोक्यात घोळत राहतं पण सुरू होत नाही, ते द्या. माझे नेहमीचे दोन प्रॉम्प्ट:

- "या लांब थ्रेडमध्ये मला काय करायचं आहे आणि कधीपर्यंत, एवढंच तीन ओळींत सांग."
- "माझ्याकडे आधीच तीन कामं आहेत, चौथं शुक्रवारपर्यंत होणार नाही. मॅनेजरला नम्र मेल लिही. माफीचा सूर नको, कोणतं काम मागे ढकलायचं ते विचार."

दुसरा प्रॉम्प्ट विशेष उपयोगी आहे. 'नाही' म्हणायला आपल्याला जड जातं, आणि समोर कच्चा मसुदा असला की ते थोडं सोपं होतं. तारखा मात्र मूळ थ्रेडमध्ये तपासाच, सारांशात एखादी अट सुटू शकते.

क्लायंटचं नाव, कोड, पगार, ग्राहकांची माहिती सार्वजनिक चॅटबॉटमध्ये टाकू नका. 'कंपनी अ', 'प्रोजेक्ट ब' असं लिहूनही काम भागतं. आणि एआयमुळे अर्धा तास वाचला तर तो कॅलेंडरवर ब्लॉक करा, नाहीतर तिथे नवीन मीटिंग येऊन बसते.

एआयशी मन मोकळं करावं का?

१९६६ मध्ये एमआयटीमधल्या जोसेफ वायझेनबॉम यांनी 'एलिझा' हा प्रोग्राम प्रसिद्ध केला. तो समोरच्याचीच वाक्यं फिरवून प्रश्न विचारायचा. तरीही लोकांना वाटायचं, याला आपलं कळतंय! आजचे चॅटबॉट कितीतरी पुढे गेलेत, पण आपला हा स्वभाव तसाच आहे.

मनातला गुंता लिहून काढायला, उद्याच्या अवघड बोलण्याची तयारी करायला चॅटबॉट चालेल. निदान आणि औषध हे त्याचं काम नाही. तुम्ही दोन आठवडे झोपला नाहीत हे त्याला तुमच्या चेहऱ्यावरून कळणार नाही, ते घरच्यांना आणि मित्रांना कळतं.

कंपनीचं वेलनेस ॲप: आधी हे विचारा

"आज मूड कसा आहे?" असं रोज विचारणारी ॲप्स आता अनेक कंपन्या देतात. हेतू चांगला असू शकतो. तरी एचआरला चार प्रश्न विचारायला हरकत नाही:

१. माझी उत्तरं कोणाला दिसतात?
२. अहवाल एकेकाचा जातो की फक्त एकत्रित?
३. एकत्रित अहवालासाठी टीममध्ये किमान किती जण लागतात?
४. नोकरी सोडल्यावर माहितीचं काय होतं?

तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. चार जणांच्या टीमची 'सरासरी' एकदम घसरली, तर कोण त्रासात आहे हे मॅनेजरला सहज ओळखता येतं.

ही भीती काल्पनिक नाही. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या 'प्रॉडक्टिव्हिटी स्कोअर' मध्ये कर्मचाऱ्यांची माहिती नावानिशी दिसत होती. टीका झाल्यावर कंपनीने नावं काढून टाकली. युरोपियन युनियनने फेब्रुवारी २०२५ पासून कामाच्या ठिकाणी एआयने भावना ओळखण्यावर बंदी घातली आहे, अपवाद फक्त वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांचा.

उत्तरं समाधानकारक वाटली नाहीत, तर मूडची नोंद स्वतःच्या फोनमधल्या नोट्समध्ये किंवा साध्या वहीत ठेवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ऑफिसनंतर फोन न घेण्याचा कायदा आहे का?
फ्रान्समध्ये २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियात २०२४ पासून असा हक्क आहे. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत याबद्दल खासगी विधेयक मांडलं होतं, त्याचा कायदा झाला नाही.

सेटिंग्ज बदलूनही त्रास कमी होत नसेल तर?
झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांकडे जा. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून २४ तास सुरू आहे आणि मराठीतही बोलता येतं. नंबर: १४४१६. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर आत्ताच हा नंबर लावा आणि जवळच्या माणसाला सोबत बोलवा.

सुरुवात कुठून करू?
आज फक्त एकच करा, रात्रीचा फोकस मोड लावा. आठवडाभर बघा, मग पुढचं. आणि ज्या कामाला तीन माणसं लागतात ते एकट्यावर पडलं असेल, तर त्यावर कोणतंही ॲप चालणार नाही. तिथे वरचा दुसरा प्रॉम्प्ट काढा आणि मॅनेजरशी बोला.

लेख उपयोगी वाटला तर रात्री अकरालाही 'ऑनलाइन' दिसणाऱ्या तुमच्या मित्राला नक्की पाठवा. फक्त सकाळी पाठवा!