हजेरीची दोन मापे : वैद्यकीय शिक्षणातील सक्तीची उपस्थिती आणि अभ्यासाचा वेळ – एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्याच्या दिवसाचा हिशेब मांडावयाचा झाल्यास आरंभ अभ्यासापासून नव्हे, तर हजेरीपासून करावा लागतो. विषयात ७५ टक्के उपस्थिती आणि प्रात्यक्षिके, ट्युटोरियल, रुग्णशय्येजवळील अध्यापन आदी व्याख्यानेतर कामात ८० टक्के उपस्थिती असल्याखेरीज परीक्षेस बसता येणार नाही, असा दंडक भारतीय वैद्यक परिषदेच्या १९९७ च्या नियमावलीने घातला. पुढे २०२० मध्ये परिषदेची जागा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने घेतली, अभ्यासक्रमाची मांडणीही बदलली. ७५ आणि ८० हे आकडे मात्र टिकून राहिले. कला-वाणिज्य शाखांतील अध्यापकांना ‘टर्म ग्रँट होणे’ व ‘टर्म नाकारणे’ हे शब्दप्रयोग चांगलेच परिचित आहेत. वैद्यकीय शाखेत त्यांची धार अधिक तीव्र असते, इतकेच.

या दोन आकड्यांची चर्चा बहुधा शिस्तीच्या अंगाने होते. प्रस्तुत लेखात ती इतिहासाच्या अंगाने करावयाची आहे. व्याख्यानगृहातील हजेरी आणि रुग्णकक्षातील हजेरी या एकाच नियमाच्या दोन पायऱ्या आहेत असे वरकरणी भासते. वस्तुतः त्यांचा उगम वेगवेगळा आहे, आणि विद्यार्थ्याच्या अभ्यासाच्या वेळेशी त्यांचे नातेही वेगवेगळे आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रमाणपत्र आणि छापील व्याख्यान

इंग्लंडमध्ये १८१५ च्या अपोथिकरीज कायद्याने औषधविक्रेता-वैद्यांच्या व्यवसायावर प्रथमच परीक्षेचे बंधन आले. परवाना हवा असणाऱ्यास पाच वर्षांची उमेदवारी करावी लागे, ठरावीक विषयांची व्याख्याने ऐकल्याची प्रमाणपत्रे सादर करावी लागत आणि रुग्णालयात काही महिने प्रत्यक्ष हजर राहिल्याचा दाखला द्यावा लागे. येथे उमेदवारी व रुग्णालय एका बाजूस आणि व्याख्यान दुसऱ्या बाजूस अशी विभागणी स्पष्ट दिसते. उमेदवारी हा हस्तकौशल्याच्या परंपरेचा वारसा होता. सुताराचा किंवा सोनाराचा शिष्य जसा गुरूच्या हाताखाली राहून शिकतो, तसाच तो प्रकार. व्याख्यानाचे प्रमाणपत्र ही मात्र निराळी वस्तू होती. विद्यार्थी व्याख्यात्याला शुल्क देई आणि व्याख्याता त्याला हजेरीचा दाखला देई. दाखल्याने ज्ञान सिद्ध होत नसे. शुल्क भरल्याचे मात्र निश्चित सिद्ध होई.

हा व्यवहार किती नाजूक होता, याचे उत्तम प्रत्यंतर दहा वर्षांच्या आतच आले. टॉमस वॅक्ली यांनी १८२३ मध्ये ‘लॅन्सेट’ हे साप्ताहिक सुरू केले आणि लंडनमधील नामवंत शल्यविशारदांची व्याख्याने त्यात छापावयास प्रारंभ केला. प्रथम ॲस्टली कूपर यांची आणि पुढे जॉन ॲबरनेथी यांची. ॲबरनेथी यांनी १८२४ मध्ये प्रकाशकाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. व्याख्यान ही व्याख्यात्याची मालमत्ता आहे काय, असा तो वाद. त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे : जे व्याख्यान काही पेन्स मोजून घरी बसून वाचता येते, त्यासाठी बाकावर जाऊन का बसावे? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर शैक्षणिक पातळीवर कोणी दिल्याचे दिसत नाही. व्यावहारिक उत्तर मात्र सोपे होते. दाखला छापील अंकातून मिळत नव्हता. आजचा विद्यार्थी पाठ्यपुस्तक, ध्वनिचित्रफीत किंवा खाजगी शिकवणीच्या टिपणांवर भिस्त ठेवून व्याख्यानाविषयी उदासीन होतो, तेव्हा तो दोनशे वर्षांपूर्वीचाच प्रश्न नव्याने विचारीत असतो.

मुंबईतील आरंभ

हिंदुस्थानात पाश्चात्त्य वैद्यकाची महाविद्यालये निघाली ती याच व्यवस्थेच्या छायेत. कलकत्त्याचे मेडिकल कॉलेज १८३५ मध्ये स्थापन झाले; मुंबईत रॉबर्ट ग्रँट यांच्या स्मरणार्थ उभारलेले ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले. पदवीला विलायतेत मान्यता मिळावयाची तर तेथील संस्थांना हवी तितकी व अपेक्षित विषयांची व्याख्याने झालेली असणे आवश्यक होते. अशा रीतीने व्याख्यानांची मोजदाद हा मान्यतेचाच एक भाग म्हणून आपल्याकडे आला.

परंतु ग्रँट कॉलेजचे खरे वैशिष्ट्य व्याख्यानगृहात नव्हते. ते जमशेटजी जीजीभाई रुग्णालयास लागून होते आणि कॉलेजचे पहिले प्रमुख डॉ. चार्ल्स मोरहेड हे स्वतः त्या रुग्णालयात रुग्ण तपासीत असत. त्यांचा हिंदुस्थानातील रोगांवरील ग्रंथ १८५६ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्यक्ष रुग्णांच्या नोंदी हा त्याचा पाया होता. १८५१ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत डॉ. भाऊ दाजी लाड होते. भाऊ दाजी हे कॉलेजात येण्यापूर्वी एल्फिन्स्टन संस्थेत अध्यापन करीत होते. अशा प्रौढ बुद्धीच्या विद्यार्थ्याला व्याख्यानातील मजकूर ग्रंथांतून मिळविणे अवघड नव्हते. मोरहेडांच्या मागोमाग रुग्णशय्येपाशी उभे राहण्याला मात्र ग्रंथाचा पर्याय नव्हता.

हजेरीचा हक्क आणि कोल्हापूर

हजेरी म्हणजे सक्ती, हे समीकरण स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणाच्या इतिहासात उलटे होते. तेथे हजेरी हा झगडून मिळवावा लागलेला हक्क आहे. एडिंबरो येथे सोफिया जेक्स-ब्लेक व त्यांच्या सहाध्यायिनी शरीररचनाशास्त्राच्या परीक्षेस निघाल्या असता नोव्हेंबर १८७० मध्ये सर्जन्स हॉलच्या दारात दंगल झाली. त्यानंतरचा अडथळा अधिक सभ्य व अधिक परिणामकारक होता. काही विषयांचे प्राध्यापक स्त्रियांना शिकविण्यास तयार नव्हते. वर्ग नाही म्हणून प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्र नाही म्हणून पदवी नाही. हजेरीचा नियम कोणालाही बाहेर ठेवण्यास किती सोयीचा असतो, हे येथे दिसते. त्यापूर्वी एक वर्ष, नोव्हेंबर १८६९ मध्ये, फिलाडेल्फियातील पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलमध्ये चिकित्सा-व्याख्यानास आलेल्या विद्यार्थिनींची पुरुष विद्यार्थ्यांनी हेटाळणी केली होती. त्या विद्यार्थिनी ज्या विमेन्स मेडिकल कॉलेजच्या होत्या, त्याच कॉलेजात चौदा वर्षांनी आनंदीबाई जोशी दाखल झाल्या.

आनंदीबाईंचे नाव कोल्हापूरशी दोनदा जोडले जाते. त्यांचे पती गोपाळराव टपाल खात्याच्या नोकरीनिमित्त कोल्हापुरात असताना १८७८ मध्ये त्यांनी अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांना पत्र लिहिले. ते पत्र अमेरिकेत छापले गेल्यामुळेच कार्पेंटरबाईंचे लक्ष या दांपत्याकडे वेधले. पुढे ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाल्यावर कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागासाठी त्यांची नेमणूक केली. प्रकृती ढासळल्याने त्या या पदावर रुजू होऊ शकल्या नाहीत आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या फिलाडेल्फियातील तीन वर्षांकडे वेळेच्या दृष्टीने क्वचितच पाहिले जाते. कॉलेजचे तास, शवविच्छेदन, रुग्णालय हे ठरलेले होते. त्याखेरीज स्वतःचा शाकाहारी स्वयंपाक, कडाक्याची थंडी आणि धुराने भरणारी खोली यांतून जो वेळ उरे तो अभ्यासाचा. पदवीसाठी त्यांनी हिंदू परंपरेतील प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला. त्याचे साहित्य फिलाडेल्फियातील कोणत्याही व्याख्यानात मिळणारे नव्हते. हे वाचन त्यांनी उरलेल्या वेळात केले. त्यांच्या खालावलेल्या प्रकृतीचा विचार करता हा उरलेला वेळ शरीराच्या हिश्श्यातून काढलेला होता, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये. ज्या रुग्णालयात त्या येणार होत्या तेथे पुढे कोल्हापूरच्याच डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी काम केले. आज ते रुग्णालय छत्रपती प्रमिलाराजे, म्हणजे ‘सीपीआर’, या नावाने ओळखले जाते आणि राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी तेथे रुग्णशय्येपाशी उभे राहतात.

तासांचा हिशेब

आता पुन्हा १९९७ च्या नियमावलीकडे वळू. पहिल्या दोन सत्रांत मिळून सुमारे २४० अध्यापन-दिवस आणि दररोज जेवणाच्या सुट्टीसह आठ तास, अशी तीत तरतूद होती. सुट्टीचा तास वजा जाता वर्षाचे १६८० तास उरतात. त्यांपैकी शरीररचनाशास्त्रास ६५०, शरीरक्रियाशास्त्रास ४८०, जीवरसायनशास्त्रास २४० आणि सामुदायिक वैद्यकास ६० तास, बेरीज १४३०. शिल्लक २५० तास, म्हणजे दिवसाला जेमतेम एक तास. त्यातच चाचण्या व इतर उपक्रम. वाचन, मनन, उजळणी ही सारी रात्रीवर आणि रविवारवर ढकलली जाणे हे नियोजनाच्या अभावाचे लक्षण नसून तक्त्याचे गणितच तसे आहे. विद्यार्थ्यांना वेळेच्या नियोजनावर उद्बोधक भाषणे देणाऱ्यांनी (आणि ती भाषणेही बहुधा सक्तीचीच असतात) ही वजाबाकी एकदा करून पाहावी.

याच नियमावलीने निव्वळ व्याख्याने एकूण वेळापत्रकाच्या एक-तृतीयांशाहून अधिक असू नयेत, असेही म्हटले होते. १४३० चा एक-तृतीयांश सुमारे ४७७. त्यातील २५ टक्के, म्हणजे जवळजवळ १२० तास, विद्यार्थ्यास गैरहजर राहता येते, आणि चतुर विद्यार्थी परीक्षेपूर्वी वाचनासाठी ते पुंजीसारखे राखून ठेवतो. हजेरीच्या सक्तीवरील सारा वाद उरलेल्या साधारण ३५७ तासांचा आहे. ‘प्रॉक्सी’चा सुळसुळाट होतो तो मुख्यत्वे याच तासांत. विच्छेदनाच्या टेबलापाशी किंवा रुग्णापुढे दुसऱ्याच्या नावाने उभे राहणे तितके सोपे नसते, आणि हुशार विद्यार्थ्याला तसे करावेसे वाटतही नाही.

म्हणून दोन्ही हजेऱ्या एका तराजूत तोलणे योग्य नव्हे. ८० टक्क्यांमागे उमेदवारीची परंपरा आहे. ती शिथिल करावी असे कोणताही अनुभवी अध्यापक म्हणणार नाही. व्याख्यानाच्या हजेरीमागे मात्र प्रमाणपत्राचा व्यवहार आहे. चांगले व्याख्यान विषयाची दिशा दाखविते, कोठे थांबून विचार करावा हे शिकविते; ते ऐकण्यास विद्यार्थी येतो, हा अनेकांचा अनुभव आहे. सक्तीची गरज भासते ती जे व्याख्यान ग्रंथाचे पान वाचून दाखविते त्याला, आणि सक्तीमुळे अशा व्याख्यानाची उणीव कोणाच्या नजरेसही येत नाही. वर्ग भरलेला असतो, एवढेच दिसते.

२०१९ च्या नियमावलीत या प्रश्नाची अंशतः दखल घेतलेली आढळते. शरीररचनाशास्त्राच्या ६७५ तासांपैकी व्याख्यानांना २२० तास ठेवण्यात आले आणि पहिल्यांदाच स्वयं-अध्ययनासाठी वेगळे तास राखले गेले : शरीररचनाशास्त्रात ४०, शरीरक्रियाशास्त्रात २५, जीवरसायनशास्त्रात २०. एकूण ८५. आकडा लहान आहे, पण विद्यार्थ्याचे स्वतःचे वाचन हाही महाविद्यालयीन वेळेचाच भाग आहे, याची ही लेखी कबुली आहे. पुढील नियमावलीत हे आकडे पुन्हा बदलले, तरी तत्त्व मागे घेतलेले नाही. स्वयं-अध्ययनाचा तास वेळापत्रकात आला की त्यासाठीही वर्गखोली, अध्यापक आणि नाव पुकारणे आलेच, अशी आपली सवय आहे. निदान या तासांपुरते हजेरीपत्रक बाजूस ठेवून विद्यार्थ्यांना ग्रंथालयात किंवा सीपीआरसारख्या रुग्णालयाच्या आवारात स्वतःच्या गतीने वाचू देणे विभागांना शक्य आहे. त्यासाठी दिल्लीहून नव्या नियमाची वाट पाहावी लागत नाही. विभागाच्या वेळापत्रकात एक ओळ बदलावी लागते.