अठ्ठेचाळीस व्होल्टचं घराणं

ऑफिसच्या टेबलावरचा आयपी फोन उलटा करा. मागे दोन सारखेच सॉकेट दिसतील, एकावर ‘लॅन’, दुसऱ्यावर ‘पीसी’. बाजूला ॲडॅप्टरच्या पिनेचं गोल भोक. एकाच मॉडेलच्या दोन प्रकारांतला खरा फरक पुष्कळदा इथेच असतो. महाड-पोलादपूरकडे फोन घेताना स्क्रीन रंगीत आहे का, हे नंतर विचारावं. आधी विचारावं की हा वीज कुठून घेतो.

या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. सुरुवातीला प्रत्येक फोनच्या पेटीत स्वतःची बॅटरी असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ती एक्स्चेंजमध्ये जाऊ लागली. पुढे दोन-दोन व्होल्टचे 24 सेल, म्हणजे 48 व्होल्ट, हे माप रूढ झालं. या बॅटरीचं धन टोक जमिनीला जोडत, म्हणजे ओल्या मातीत तांब्याची तार कमी झिजते. कोकणातल्या पावसाला यापेक्षा शहाणी योजना कोणती? गावातले दिवे गेले तरी लँडलाइन बोलायची ती या बॅटरीच्या जिवावर.

1999 साली इंटरनेटवरून कॉल जोडण्याचं सिप हे मानक आलं, डेटाच्या तारेतून आवाज नेणं पसरलं आणि फोनला पुन्हा स्वतःचा ॲडॅप्टर चिकटला. वीज गेली की फोन मुका. 2003 साली पीओईचं, म्हणजे ‘पॉवर ओव्हर इथरनेट’चं, मानक ठरलं, त्यात नेटवर्कच्या केबलमधूनच वीज येते, आणि तीही 48 व्होल्टच्या आसपास.

गिगाबिटच्या प्रकाराला मात्र उगाच भुलू नये. साध्या कोडेकच्या आवाजाला सेकंदाला 64 हजार बिट लागतात. वर पॅकेटांचा भार धरला तरी 100 मेगाबिटची लाइन भरपूर झाली. गिगाबिट हवं ते ‘पीसी’ सॉकेटला जोडलेल्या कॉम्प्युटरसाठी.

22 जुलै 2021 ला महाडची बाजारपेठ पुरात बुडाली, त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली. वीज नाही, मोबाइल नाही. बातमी बाहेर पोचायलाच वेळ लागला. अशा दिवशी पीओईचा फोनही आपोआप चालत नाही. केबलला वीज देणारा नेटवर्क स्विच आणि ऑफिसचं स्वतःचं एक्स्चेंज, म्हणजे पीबीएक्स, दोन्ही यूपीएसवर हवेत, आणि तेही वरच्या मजल्यावर. केबल 100 मीटरपर्यंत चालते, तेव्हा अंतराची सबब नको. मग बाहेरची लाइन तुटली तरी एमआयडीसीतल्या केमिकल कारखान्यात गेटवरून कंट्रोल रूमला फोन लागतो.