तळटीप १७ : ‘ऑक्टोबरचा अंदाज’

१७. ऑक्टोबरचा अंदाज : इराकच्या शस्त्रास्त्रांविषयी अमेरिकी गुप्तचर संस्थांनी ऑक्टोबर २००२मध्ये सादर केलेला एकत्रित गोपनीय अहवाल (‘नॅशनल इंटेलिजन्स एस्टिमेट’). सिनेटच्या गुप्तवार्ता समितीने मागणी केल्यावर तो जेमतेम तीन आठवड्यांत तयार झाला. वर उल्लेखिलेल्या ‘नळ्या’ म्हणजे इराकने परदेशातून मागवलेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या. अणुबॉम्बसाठी युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूज यंत्रांकरता त्या आहेत, असे बहुतेक संस्थांनी मानले. सेंट्रिफ्यूजचे जाणकार ज्या ऊर्जा खात्याकडे होते, त्याला आणि परराष्ट्र खात्याच्या गुप्तवार्ता विभागाला हे पटले नव्हते. त्यांचे भिन्नमत याच अहवालात नोंदलेले होते. संपूर्ण अहवाल सिनेटरांना सुरक्षित खोलीत बसून वाचता येत असे. तो फार थोड्यांनी वाचला. समितीचे अध्यक्ष बॉब ग्रॅहम यांनी तो वाचून युद्धाच्या ठरावाविरुद्ध मत दिले. ११ ऑक्टोबर २००२ रोजी सिनेटमध्ये ठराव ७७ विरुद्ध २३ मतांनी संमत झाला आणि मार्च २००३मध्ये युद्ध सुरू झाले. अणुबॉम्बचा चालू कार्यक्रम पुढे सापडला नाही. नळ्या ८१ मिलिमीटरच्या रॉकेटांसाठी असाव्यात, असा निष्कर्ष अमेरिकेच्याच शोधपथकाने २००४मध्ये काढला. लेखकाचे ‘न उघडलेले पान’ म्हणजे फार थोड्यांनी वाचलेला हाच अहवाल. गुप्तचरांचा अंदाज चुकू शकतो. म्हणूनच तो पारखून घेण्याची आणि परिणाम तोलण्याची जबाबदारी मत देणाऱ्याला दुसऱ्यावर ढकलता येत नाही. — संपा.